खिंडीतलं पाणी

शिखर की खिंड, असं कुणी विचारलं तर मी फार विचार न करता खिंड म्हणेन. शिखरावर माणूस चढतो, चार फोटो काढतो आणि आल्या वाटेनं खाली येतो. खिंडीतून तो पलीकडे उतरतो. शिखर गाठणाऱ्याचं नाव होतं, गावात फलक लागतो, सत्काराला नारळ मिळतो. खिंड ओलांडणाऱ्यांची नावं सहसा कुणी लिहून ठेवत नाही. त्यांच्या पाठीवर ओझं असतं आणि त्यांना अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा असतो. मीठ वर जातं, धान्य खाली येतं, मेंढरं उन्हाळ्यात एका अंगाला चरतात आणि थंडीत दुसऱ्या. अशा बिननावाच्या माणसांत एकाचं नाव मात्र दगडावर राहून गेलंय आणि तो माणूस आमच्या गावचा आहे. त्याच्याकडे येतोच.

वसईकरानं उंचीच्या गोष्टी सांगाव्यात हे तसं हसण्यासारखंच. आमचं सगळं समुद्राच्या पातळीवरचं. मिठागरं, खाजण, केळीच्या वाड्या, उधाणाला रस्त्यावर येणारं खाडीचं पाणी. उंची म्हणायची ती पूर्वेला. तुंगारेश्वरचा डोंगर आणि त्याच रांगेतला कामणदुर्ग, दोन्ही दोन हजार फुटांच्या थोडे वर. विरारला जीवदानीच्या पायऱ्या. हिमालयात जायचं ठरलं की इथली पोरं पहाटे जीवदानीला लागतात, पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. भाविकांना वाटतं नवस बोललेला दिसतो. तुंगारेश्वरला रविवारी गेलं तर देवळापर्यंत जत्रा असते, ओढ्यात भिजणारी, स्पीकर लावणारी. देवळाच्या पुढे चढ सुरू झाला की जत्रा संपते. मग कारवी, करवंदीच्या जाळ्या, पावसाळ्यात बुटात शिरणारा लाल चिखल. त्या चढावर आम्ही धापा टाकत असताना डोक्यावर मोळी घेतलेली एखादी आदिवासी बाई मागून येते, 'सरा जरा' म्हणते आणि पुढे निघून जाते. तिच्या पायात साधी चप्पल असते. आमचे बूट पाच हजारांचे.

तर असा सराव करून आम्ही हम्पता खिंडीला गेलो. पीर पंजाल रांगेतली ही वाट कुलू खोऱ्यातून निघते आणि लाहौलमध्ये उतरते. खिंडीची उंची 4,270 मीटर, म्हणजे चौदा हजार फूट. हिमालयाच्या हिशेबात ही काही मोठी बढाईची खिंड नाही. नवख्यांना झेपणारी म्हणूनच ती प्रसिद्ध आहे. दिवस सप्टेंबरचे होते. पाऊस ओसरत होता आणि बर्फ अजून पडायचं होतं.

मनालीहून जीप वळणं घेत घेत जोबरापर्यंत नेते. तिथून पायवाट. आधी पाइनची आणि मेपलची झाडी, बाजूला खळाळत येणारा राणी नाला, मग चिकाचं कुरण. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि त्यांवरून उतरणाऱ्या पाण्याच्या धारा. इथवर डोळ्यांना फार परकं वाटत नाही. श्रावणातला माळशेज आठवतो, फक्त सगळं दुप्पट तिप्पट मोठं. पुढे झाडं बुटकी होत जातात. शेवटी उरतात ती भोजपत्राची. पांढरट सालीचे पापुद्रे सुटलेली, वाऱ्यानं एका बाजूला कललेली. त्यानंतर झाड नाही. गवत, दगड, पाणी. वसईच्या माणसाला झाडाशिवाय राहायची सवय नाही. आमच्यात वाघोलीकडचा एक वाडीवाला होता. तो मागे वळून त्या शेवटच्या भोजपत्राकडे बराच वेळ बघत उभा राहिला. 'इथे काही लावता येणार नाही,' एवढंच म्हणाला.

बालू का घेरा नावाचा मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी आहे. वाळूचं रुंद पात्र, त्यातून फाटे फुटत वाहणारे ओहोळ आणि चहूबाजूंनी पहाड. रात्री तंबूत झोप लागत नाही. थंडी हे एक कारण, दुसरं कारण हवा. खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच राहतो. घरी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो तेवढ्यासाठी इथे दीड-पावणेदोन श्वास घ्यावे लागतात आणि झोपेतसुद्धा छातीला हा हिशेब चुकत नाही. डोकं जड होतं, जेवण नकोसं होतं. यावर उपाय दोनच, सावकाश चढणं आणि पाणी पीत राहणं. वाटाडे दर तासाला एकच प्रश्न विचारतात, पाणी प्यायलात का?

खिंडीच्या दिवशी पहाटे निघालो. चढण सुरुवातीला सोपी वाटते, मग घळीतून वर जाते. मोठमोठे दगड, त्यांच्यामध्ये बारीक खडीची घसरण, सावलीत मागच्या हिवाळ्याचा मळका बर्फ. बोलणं आपोआप बंद होतं. वीस पावलं चालायचं, काठीवर रेलायचं, पुन्हा वीस. अशा वेळी मनात फार थोर विचार येतात असं हिमालयावरच्या पुस्तकांत वाचलं होतं. माझ्या मनात घरच्या डाळीला दिलेली लसणीची फोडणी येत होती.

अर्ध्या चढावर वाटाड्यानं हात वर करून सगळ्यांना बाजूला घेतलं. वरून दगड गडगडल्याचा आवाज आला, मग शिट्टी, मग घंटा. आणि घळीच्या तोंडातून मेंढरं उतरू लागली. आधी दहा-बारा, मग शेकड्यांनी. आम्ही एका मोठ्या शिळेच्या आडोशाला अंग चोरून उभे राहिलो. लोकरीचा उग्र, ओशट वास. खुरांचा एकसारखा टकटकाट. मेंढ्यांच्या मागेपुढे शेळ्या, त्या दगडावरून दगडावर उड्या मारत वाट काढणाऱ्या आणि मेंढ्या निमूट त्यांच्या मागे. कळपाच्या कडेनं एक केसाळ काळा कुत्रा चालला होता. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा होता. बिबट्या धरतो तो मानेला, म्हणून. पाहुण्यांकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

शेवटी एक म्हातारा गद्दी आला. अंगात लोकरीचा चोळा, कमरेला काळ्या लोकरीच्या दोरीचे अनेक वेढे. तो डोरा. चोळ्याच्या घोळात, पोटाशी, एक लंगडणारं कोकरू. फक्त त्याचं तोंड बाहेर होतं. गद्दी हे मूळचे चंबा जिल्ह्यातल्या भरमौरचे आणि काँगड्याकडचे मेंढपाळ. उन्हाळ्यात कळप घेऊन ते लाहौलच्या कुरणांवर जातात, बर्फ पडायच्या आत खिंडी ओलांडून परततात आणि थंडी खालच्या टेकड्यांत काढतात. आम्ही ज्या वाटेसाठी रजा काढून, पैसे भरून आलो होतो, ती त्यांची रोजीरोटीची वाट होती.

तो थांबला. कुठून आलात विचारलं. मुंबईजवळून, म्हटलं. वसई त्याला कुठून ठाऊक असणार! समुद्र आहे का तिथे? आहे, घरापासून जवळच. यावर त्यानं मान हलवली, तिथे मेंढरं काय खातील असा विचार करत असावा. वाडीवाल्यानं सॅकमधून सुकेळीचं पुडकं काढलं. आमच्याकडे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, सोपात बांधून ठेवतात. चवीला मधासारखी, चावायला चिवट, महिनोन्‌महिने टिकणारी. म्हाताऱ्यानं एक सुकेळं उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, दातांनी तोडलं आणि चघळत राहिला. फळ आहे की मिठाई, असं विचारलं. फळ, म्हटल्यावर अजून एक मागून घेतलं आणि चोळ्यात ठेवलं.

मग पाणी किती आहे तुमच्याकडे, असं त्यानं विचारलं. बाटल्या दाखवल्या. त्यानं वर हात करून एक जागा सांगितली. काळ्या शिळेच्या उजवीकडे, चपटा दगड झाकलेला आहे, तो उचला. आणि परत ठेवा. हे 'परत ठेवा' त्यानं दोनदा सांगितलं.

जागा सापडली. शिळेच्या पोटातून झिरपणारं पाणी हातभर खळग्यात साठत होतं. कडेला कुणीतरी लहान दगड नीट बसवलेले आणि वर झाकण म्हणून तो चपटा दगड. लेंड्या पडू नयेत, माती जाऊ नये म्हणून. पाणी इतकं गार की दात ठणकले. सगळ्यांनी बाटल्या भरल्या, वाडीवाल्यानं दगड जागेवर ठेवला, नीट बसला का ते हलवून पाहिलं.

नंतर खिंडीवर पोचलो. दगडांच्या लगोऱ्या, वाऱ्यानं विरलेल्या पताका, उजवीकडे इंद्रासनाचा बर्फाचा कडा, ढगातून निसटता दिसलेला देव टिब्बा. सगळं होतं. डोळे भरून पाहिलं. पण आज त्या दिवसातलं काय लख्ख आठवतं म्हणाल, तर ते झाकलेलं पाणी.

पाणी बांधून ठेवण्याची त्या मुलखाची रीत जुनी आहे. गद्द्यांच्या चंब्यात पाणवठ्यावर मोठमोठ्या शिळा कोरून उभ्या करत. त्यांवर वरुण, नद्यांच्या देवता, वेलबुट्टी आणि मधल्या भोकातून धार. गेलेल्या माणसाला पुण्य लागावं म्हणून त्याच्या नावानं असा झरा बांधायचा. त्यातल्या काही शिळा बाराव्या शतकातल्या आहेत. फोगेल या डच पंडितानं त्यांवरचे लेख वाचले आणि 1911 साली छापले. चंब्याच्या भूरीसिंह संग्रहालयात, जे 1908 मध्ये सुरू झालं, अशा शिळा पाहायला मिळतात. मेलेल्या माणसासाठी पुतळा उभारावा की येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी पाणी, या प्रश्नाचं उत्तर त्या लोकांनी आठशे वर्षांपूर्वी देऊन टाकलं होतं. आपल्याकडे अजून चर्चा चालू आहे.

पलीकडचा उतार तीव्र. शिया गोरूपर्यंत गुडघे बोलतात. पण खरा धक्का डोळ्यांना बसतो. मागे वळलं तर ढग, ओल, हिरवं. पुढे पाहिलं तर तपकिरी, राखाडी, उघडंबोडकं लाहौल. पावसाचे ढग रांगेच्या या अंगाला आपटून रिते होतात, पलीकडे पोचतो तो कोरडा वारा. माझ्याबरोबरचे दिल्लीचे दोघे तरुण थक्क झाले. आम्हा कोकणातल्यांना मात्र हे घरचं वाटलं. नाणेघाटाच्या माथ्यावर भर पावसाळ्यात उभं राहिलं तर हेच दिसतं. खाली वैशाखऱ्याच्या बाजूला भातखाचरं आणि धुकं. कड्यावरून खाली पडायला निघालेलं पाणी वारा उलटं वर उडवतो. आणि जुन्नरकडे तोंड वळवून जरा चाललं की पाऊस पातळ होत जातो, भात मागे पडतो, बाजरीचा मुलूख जवळ येतो. दोन मुलखांना परस्परांची गरज असते ती यामुळेच. एकाकडे जे पिकतं ते दुसऱ्याकडे पिकत नाही. खिंड त्या गरजेची वाट आहे.

आता आमच्या गावच्या त्या माणसाकडे येतो. नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, सोपारा. रोमन व्यापाराच्या काळात ग्रीक दर्यावर्दींनाही ठाऊक असलेलं बंदर. गलबतांतून उतरलेला माल कल्याणवरून नाणेघाट चढायचा आणि जुन्नरवरून पैठणपर्यंत जायचा. किनाऱ्यापासून घाटमाथा शंभराहून अधिक किलोमीटर. शेवटी दगडात खोदून काढलेली उभी वाट. माथ्यावर लेणं आहे. त्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक यादी, हजारांनी गाई, हजारांनी कार्षापण. तिथल्या आकड्यांमुळे अंकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही हा लेख टाळून पुढे जाता येत नाही. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही भिंतीवर कोरलेले होते. आज त्यांची नावं उरली आहेत आणि झिजलेले पाय. बाहेर दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकत असं सांगतात. हे सगळं शाळेच्या सहलीत मुलांना दाखवलं जातं.

क्वचित दाखवलं जातं ते घाटातल्या एका टाक्यावरचं छोटंसं लेखन. त्याचा अर्थ एवढाच, की हे पाण्याचं टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान आहे. ना राजा, ना यज्ञ, ना हजार गाई. हा गोविंददास बहुधा व्यापारी असावा. बैलांच्या तांड्याबरोबर तो हा घाट कितीदा चढला असेल कोण जाणे. चैत्र-वैशाखात कातळ तापलेला असताना वर पोचल्यावर पाणी नसलं की काय होतं, हे त्याला पुस्तकातून कळलेलं नसणार. पैसा हाती आल्यावर त्यानं टाकं खोदवलं. खोदणाऱ्यानं त्याच्या नावाआधी त्याच्या गावाचं नाव कोरलं. दोन हजारांच्या आसपास वर्षं होऊन गेली. राजांचे पुतळे पायांपुरते उरले, या माणसाचं नाव आणि गाव दोन्ही शाबूत आहेत.

आणि त्याच सोपाऱ्यात आज टँकर येतो. सूर्या, उसगाव, पेल्हार या धरणांचं पाणी पुरत नाही. इमारतीखाली मोटारीभोवती बायका भांडतात, सोसायटीच्या सभेत टँकरच्या बिलावरून रात्री बारापर्यंत वाद चालतो. यावर मी गोविंददासाचा दाखला दिला तर सभेतून बाहेर काढतील, म्हणून देत नाही.

सोपाऱ्याला आणखी एक लेख सापडलाय, तोही भटकणाऱ्यांच्या कामाचा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडातला स्तूप उकरला. त्याच वर्षी गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हा लेख चक्क प्रवासाबद्दल आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या सफरी काढत, शिकार करत. आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधीला गेलो, तेव्हापासून आपल्या यात्रा वेगळ्या झाल्या, असं अशोक सांगतो. श्रमण-ब्राह्मणांना भेटणं, म्हाताऱ्यांना मदत करणं, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणं, त्यांच्याशी बोलणं. यात जास्त आनंद मिळतो, असंही तो म्हणतो. हा मुद्दा मला पटतो. हल्ली आमच्या बहुतेक ट्रेक शिकारीच्याच असतात, फक्त बंदुकीऐवजी मोबाईल असतो. खिंडीत शंभर जणांची रांग लागते, प्रत्येकाला झेंड्यासह तोच फोटो हवा असतो, आणि घोडेवाल्याचं नाव विचारायला कुणाला सवड नसते. मी काही अशोक नव्हे. मीही फोटो काढले. पण गद्द्यानं दाखवलेल्या झऱ्याचा फोटो कुणी काढला नाही, हे मला बरं वाटलं. काढला असता तर पुढच्या हंगामात तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडला असता.

घाटाची वाट मेंढपाळालाच ठाऊक, हे आपल्याकडेही आहे. बोरघाटातून रेल्वे न्यायची तेव्हा साहेबांना वाट दाखवली ती शिंग्रोबा धनगरानं, असं लोक सांगतात. त्याचं देऊळ खोपोलीच्या वर जुन्या घाटरस्त्यात आहे. बसवाले, ट्रकवाले तिथे नाणं टाकतात. 1863 मध्ये त्या घाटातून गाडी धावू लागली. दिवाळीनंतर देशावरचे धनगर अजून कोकणात उतरतात, कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. खिंडीचा जुना व्यवहार असा अजून तग धरून आहे.

छत्रूला चंद्रा नदी आणि मोटाररस्ता भेटतो. परतताना जीपवाल्यानं अटल बोगद्यातून आणलं. 9.02 किलोमीटरचा हा बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झाला. जी रांग चढून उतरायला आम्हाला दिवसच्या दिवस लागले, तिच्या पोटातून आम्ही दहा-बारा मिनिटांत पार झालो. गाडीत सगळे जरा खट्टू झाले. मी झालो नाही. लाहौलच्या बाळंतिणीला हिवाळ्यात बर्फानं खिंड बंद असताना मनालीचं इस्पितळ गाठता येतं, यापुढे माझ्या पायपिटीचं कौतुक किती करायचं! तरी गद्दी काही बोगद्यातून जाणार नाही. आठशे मेंढरं बोगद्यात नेली तर वाटेत खाणार काय?

हिमालयात जरूर जा. पण त्याआधी एकदा नाणेघाट चढून बघा. कल्याणहून माळशेजच्या बाजूला जाणारी कुठलीही एसटी चालते. वैशाखऱ्याच्या पुढे घाटाच्या वाटेपाशी उतरवायला कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. चढ दोन-तीन तासांचा. उन्हाळ्यात पहाटे निघा. माथ्यावर लेणं पाहून झालं की टाक्यांपाशी थांबा आणि सोपाऱ्याच्या माणसाचं टाकं कुठलं ते सोबतच्या जाणकाराला विचारा. त्या टाक्यांमधलं पाणी अजून लोक पितात, त्यात हातपाय धुऊ नका.